तुम्ही विचारलंत म्हणून : वाटेत चार्जिंग संपलं तर?

हा प्रश्न मला कुणी कुणी विचारलाय ते आधी सांगते. पेट्रोल पंपावर हवा भरणाऱ्या मुलाने (पंपावर माझं आता तेवढंच काम उरलंय). सिग्नलला शेजारी थांबलेल्या रिक्षावाल्याने, माझ्या विजेच्या गाडीची हिरवी नंबरप्लेट बघून. भाचीच्या लग्नात, पंगतीत आग्रहाने जिलबी वाढत असलेल्या व्याह्यांनी. सोसायटीतल्या एका आजोबांनी तर या प्रश्नासाठी लिफ्टचं दार हाताने अडवून धरलं होतं. शब्द थोडेफार बदलतात, पण अर्थ एकच : "गावाला या गाडीने जाता? वाटेत चार्जिंग संपलं तर?"

संपलं नाही कधी. २०२२च्या गणपतीपासून वर्षातून दोनदा, चतुर्थीला आणि मे महिन्यात, आम्ही पुण्याहून सावंतवाडीजवळच्या आमच्या गावाला याच गाडीने जातो. साधारण पावणेचारशे-चारशे किलोमीटर. या सगळ्या फेऱ्यांत मी पाहिलेला सगळ्यात लहान आकडा ११ टक्के. तोही पहिल्याच फेरीत, आणि चूक माझी होती.

गाडीची बॅटरी चाळीस युनिटांची आहे. युनिट म्हणजे आपल्या लाइटबिलातलंच युनिट, वेगळं काही नाही. सत्तर-पंच्याहत्तरने चालवली तर एका युनिटात सात किलोमीटरच्या आसपास जाते. शंभरने दामटली तर साडेपाचही मिळत नाहीत, कारण वेग वाढला की हवेचा विरोध वर्गाने वाढतो : वेग दुप्पट, तर विरोध चौपट. पेट्रोलच्या गाडीतही हेच होत असतं, पण तिथे काटा हळूहळू उतरतो म्हणून आपण बघत नाही. इथे टक्के डोळ्यांसमोर असतात. शेजारी बसलेला माझा नवरा पहिल्या वर्षी ते मोठ्याने वाचत असे. "त्र्याहत्तर." मग दोन मिनिटांनी, "बहात्तर." खंबाटकीचा घाट चढताना चार-पाच टक्के गेले तेव्हा त्याचा चेहरा एखाद्याच्या खिशातून पाकीट गेल्यावर होतो तसा झाला होता.

तर पहिली फेरी. घरून १०० टक्के करून निघालो होतो. कोल्हापूरच्या अलीकडे हायवेला लागून एका हॉटेलच्या आवारात चार्जर होता, तिथे जेवायचं आणि गाडीही लावायची असा बेत. पोचलो तेव्हा १८ टक्के उरले होते. गणित बरोबर आलं म्हणून मी खूश. आणि चार्जरचा स्क्रीन काळा. हॉटेलची वीज गेली होती, आणि जनरेटरवर चालत होतं फक्त किचन. वॉचमन म्हणाला, "जेवून घ्या, येईल." कधी, ते मात्र त्याला माहीत नव्हतं. घास घशाखाली उतरेना. पुढचा चार्जर सोळा किलोमीटरवर होता. एसी बंद करून, काचा खाली करून, पन्नासच्या वेगाने तिथवर गेलो आणि ११ टक्क्यांवर पोचलो. माझी चूक ही, की निघण्याआधी त्या हॉटेलला एक फोन करायला हवा होता. तो केला नाही. अ‍ॅपवर चार्जर हिरवा दिसत होता, आणि मी त्या हिरव्या रंगावर विश्वास ठेवला.

तेव्हापासून माझा नियम झालाय. साताऱ्याला चहाला थांबलं की आधी फोन. "दादा, मशीन चालू आहे का? आत्ता कुणी लावलंय का?" माणूस "हो हो, चालू आहे" असं फार पटकन म्हणाला, तर "जरा बघून सांगता का?" असंही विचारते. आणि दुसऱ्या चार्जरपर्यंत पोचता येईल एवढं शिल्लक ठेवूनच पहिल्याकडे वळते. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर दीड मिनिटाच्या फोनमध्ये आहे.

पण तुम्ही ज्याबद्दल विचारत नाही, ते सांगते. त्रास होतो तो वेगळ्याच गोष्टींचा.

एक म्हणजे अ‍ॅप. प्रत्येक कंपनीचं अ‍ॅप वेगळं, त्यात वॉलेट वेगळं, आणि वॉलेटमध्ये आधी पैसे टाकल्याशिवाय यंत्र हलत नाही. माझ्या फोनवर अशी सात आहेत. कुठे साठ रुपये पडून आहेत, कुठे एकशे दहा. लहानपणी चुलीमागच्या डब्यात आजीची चिल्लर असायची, तसे माझे पैसे हायवेभर पसरलेत. त्यात ओटीपी यायचा तर रेंज हवी, आणि चार्जर बहुतेक हॉटेलच्या मागे, मुतारीच्या भिंतीला लागून, जिथे रेंज नेमकी नसते. फोन हात वर करून धरायचा आणि थांबायचं. येणारे-जाणारे बघतात.

दुसरं म्हणजे सावली. चार्जरवर पत्रा असतो, त्यामुळे त्याखाली दुसऱ्या कुणाची तरी डिझेलची गाडी सुखाने उभी असते. मालक आत तांबडा-पांढरा रस्सा ओरपत असतात. त्यांना उठवायचं कसं? मी आता वेटरलाच पाठवते.

तिसरं म्हणजे रांग. २०२४ला चतुर्थी ७ सप्टेंबरला, शनिवारी होती. आम्ही गुरुवारी निघालो, आणि अख्खं पुणे त्याच दिवशी निघालं होतं. कोल्हापूरला आमच्यापुढे तीन गाड्या. पहिल्या गाडीचा मालक ८६ टक्क्यांवर होता आणि १०० करूनच निघणार म्हणत होता. आता हे समजून घ्या, कारण नव्या लोकांना ते माहीत नसतं. स्वारगेटला रिकामी एसटी लागली की पहिली तीस माणसं दोन मिनिटांत बसतात. शेवटच्या दहा जणांना मात्र "जरा सरका", "ही पिशवी कुणाची" करत जागा शोधावी लागते. बॅटरीचं तसंच असतं. ऐंशीच्या पुढे गाडी स्वतःच करंट कमी करत जाते, नाहीतर बॅटरीला इजा होते. त्यामुळे शेवटचे वीस टक्के भरायला जवळजवळ आधीच्या साठ टक्क्यांइतका वेळ जातो. मी त्या गृहस्थांना विचारलं, "जायचंय कुठे?" म्हणाले, "बेळगाव." कोल्हापूरहून बेळगाव शंभर-सव्वाशे किलोमीटर! ८६ टक्क्यांत जाऊन अर्ध्या वाटेपर्यंत परत येता आलं असतं. हे सांगितल्यावर ते जरा रागावले, मग हिशेब केला, मग निघाले. जाताना त्यांच्या मुलीने गाडीच्या काचेतून आम्हाला मोदकांचा डबा दिला, त्यामुळे राग टिकला नसावा.

कोल्हापूर सोडलं की मला बरं वाटायला लागतं. कागल, निपाणी, मग हायवे सोडून उत्तूर, आजरा. पुढे आंबोलीपर्यंत रस्ता हळूहळू चढतो. धुकं असतं, पाऊस असतो, आणि काचेवरची वाफ घालवायला एसी लागतोच. आंबोलीला चौतीस टक्के उरलेले असतात. तिथून पुढे आमच्या घरचा कार्यक्रम सुरू होतो. धबधब्याजवळची गर्दी पार केली की नवरा पुन्हा टक्के वाचायला लागतो, पण आता उलटे. "चौतीस." चार वळणांनंतर, "पस्तीस!" दाणोलीला खाली उतरेपर्यंत सदतीस. घाट उतरताना मोटर उलटी जनित्रासारखी चालते, गाडीला रोखते आणि वीज परत बॅटरीत जाते. सामानसुमान आणि चार माणसांसकट पावणेदोन टन वजन साडेपाचशे-सहाशे मीटर खाली आणलं, तर हिशेबाने पावणेतीन युनिटं होतात. सगळी मिळत नाहीत. चाकं, हवा, ओला रस्ता आपापला वाटा काढून घेतात. पण सव्वा युनिट का होईना, घाटाने दिलेलं असतं. पेट्रोलच्या गाडीत याच घाटात ब्रेकचा करपट वास यायचा. फक्त एक लक्षात ठेवा : डोंगरावर मुक्काम असेल तर रात्री १०० टक्के भरू नका. भरलेल्या कळशीत आणखी पाणी ओतता येत नाही, तसं उतरताना ती वीज घ्यायला बॅटरीत जागाच नसते, आणि गाडी नेहमीसारखी रोखली जात नाही. सवय नसलेला माणूस पहिल्या वळणाला दचकतो.

गावी पोचतो तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीस टक्के असतात. २०२२ला पोचलो, आणि खरी गंमत तिथे झाली.

गाडीबरोबर घरच्या पंधरा अँपियरच्या प्लगला लावायचा चार्जर मिळतो. पडवीत पाण्याच्या पंपासाठी तसा प्लग होता. मी लावला. लाल दिवा. काढून पुन्हा लावला. पुन्हा लाल. तात्या, म्हणजे माझे चुलतसासरे, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, मागे हात बांधून उभे होते. "हो लाल दिवो कसलो गो?" वायरमनला बोलावलं. त्याने सॉकेट उघडलं, टॉर्च मारला आणि म्हणाला, "वैनी, ह्या भोकात वायरच नाय." वरचं मोठं भोक, अर्थिंगचं, म्हणजे गळणारी वीज जमिनीत सोडणाऱ्या वायरचं. घरात वीज आल्यापासून ते नुसतं शोभेला होतं. पंप, फ्रिज, मिक्सर, टीव्ही सगळे तसेच चालत आले होते. माझ्या चार्जरने मात्र साफ नकार दिला.

मग त्या वायरसाठी न्हाणीघराच्या मागे, जिथे सांडपाण्याने जमीन ओली राहते, तिथे खड्डा खणायचं ठरलं. खाली जांभा. दोन माणसं पहार घेऊन दुपारभर लागली होती. वायरमनने पाइप उभा केला, भोवती एक थर कोळसा, एक थर मीठ, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ. जाडं मीठ, पाच किलोची पिशवी, तात्याच दुकानातून घेऊन आले होते. थर पडताना ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हिका पेट्रोल नको, त्याल नको, आणि मीठ व्हया?"

संध्याकाळी दिवा हिरवा झाला. पण मला आठवतं ते दुसऱ्या दिवशी सकाळचं. काकी स्वयंपाकघरातून ओरडत आल्या, "फ्रिज चावणा नाय गो आता!" कितीतरी वर्षं त्या फ्रिजला हात लावला की झिणझिण्या यायच्या, म्हणून हँडलवर एक फडकं कायमचं गुंडाळलेलं असायचं. मीही माझ्या लग्नापासून ते फडकं बघत आले होते आणि हँडल मळू नये म्हणून असेल असं समजत होते. पायात चप्पल घालून मिक्सर लावायचा, हाही त्या घरातला एक नियम होता. सगळ्यांनी तो पाळला, कारण विचारलं नाही कुणी. वायरमनला त्यानंतर वाडीतल्या आणखी चार घरांनी बोलावलं. त्यांच्याकडे विजेची गाडी नाही.

आता तिथे रात्री अकरानंतर गाडी लावतो. आरत्या, माळा, शेजारच्यांचे पंप सगळं चालू असताना व्होल्टेज एवढं पडतं, की पंख्याची पाती मोजता येतात. अकराला लावली की दुसऱ्या दिवशी नैवेद्याच्या वेळेपर्यंत भरलेली असते.

खर्चाचंही विचारता, म्हणून सांगते. एका बाजूचे पुण्यातल्या घरची वीज आणि वाटेतलं चार्जिंग मिळून अकराशे रुपये होतात. वाटेतलं महाग पडतं, युनिटला वीसच्या आसपास आणि त्यात १८ टक्के जीएसटी आलाच. जुन्या गाडीला पेट्रोलचे अडीच हजारांच्या वर लागत. वेळ मात्र दीड तास जास्त, आणि चतुर्थीला किती, ते सांगत नाही. टोल माफ झालाय असं कुणीतरी ऐकलेलं असतं. राज्याच्या २०२५च्या धोरणात ती माफी मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर दिलीय. आमच्या वाटेवर खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी, कोगनोळी, सगळीकडे भरावा लागतो.

तात्यांचा विरोध मात्र गाडीने नाही, एसटीने मोडला. १ जून १९४८ला एसटीची पहिली गाडी पुणे-नगर धावली, हे त्यांना तोंडपाठ. २०२२ला त्याच तारखेला, त्याच मार्गावर एसटीने विजेची 'शिवाई' सोडली. ही बातमी मी त्यांना दाखवली, तेव्हा त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली. "एसटीन घेतली म्हणजे बरी असतली," असा निकाल देऊन टाकला.

मे महिन्यात ती जमीन तडकते आणि खड्डा कोरडा पडतो. मग अर्थिंग नीट लागत नाही आणि लाल दिवा परत येतो. दुसऱ्या वर्षी तसं झालं होतं. आता आम्ही निघायच्या दोन दिवस आधी तात्यांचा फोन येतो. हापूस किती पेट्या ठेवायच्या, घाटात काम चालू आहे का, हे नंतर. पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "खड्ड्यात चार बादल्यो पाणी घातलंय. कधी येतलंस?"