पराभवानंतरचे अ‍ॅडम्स

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची छोटेखानी चरित्रे वाचताना मी दरवेळी सहाव्या अध्यक्षांपाशी, म्हणजे जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांच्यापाशी, रेंगाळतो. १८२५ ते १८२९ ही त्यांची अध्यक्षीय कारकीर्द फारशी यशस्वी ठरली नाही आणि १८२८च्या निवडणुकीत अँड्र्यू जॅक्सन यांनी त्यांचा पराभव केला. मला मात्र त्यानंतरचे अ‍ॅडम्सच थोर वाटतात. १८३१पासून ते मॅसॅच्युसेट्सचे एक प्रतिनिधी म्हणून कनिष्ठ सभागृहात बसू लागले. माजी राष्ट्राध्यक्षाने असे करणे ही साधी गोष्ट नव्हे. गुलामगिरीविरोधी अर्ज चर्चेविनाच बाजूला सारण्याचा नियम सभागृहाने १८३६मध्ये केला, तेव्हा विरोधकांच्या आरडाओरड्याला न जुमानता ते असे अर्ज पुन्हा पुन्हा मांडत राहिले आणि अखेर १८४४मध्ये तो नियम रद्द झाला. दरम्यान १८४१मध्ये, वयाच्या ७३व्या वर्षी, ‘अमिस्ताद’ जहाजावरील आफ्रिकी बंदिवानांच्या सुटकेसाठी त्यांनी सर्वोच्च न्यायालयात युक्तिवाद केला आणि तो खटला जिंकला. २१ फेब्रुवारी १८४८ रोजी सभागृहातील आपल्या जागेवरच ते कोसळले, आणि दोन दिवसांनी त्याच इमारतीत, सभापतींच्या दालनात, त्यांची प्राणज्योत मालवली.