नोंद चौथी: ‘उशिरा तापणारे’ संघ, आणि माझी माघार

गेल्या नोंदीत मी ठणकावून लिहिलं होतं की कॉलेज व्हॉलीबॉलचे तगडे संघ उशिरा तापतात. पहिला सेट घालवतात आणि मग अंगात आल्यासारखे खेळतात. आज त्यातला निम्मा भाग मागे घेते.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: मी अमेरिकेतल्या कॉलेज मुलींच्या मॅचेस रेकॉर्डिंगवर बघते आणि रॅलीगणिक वहीत उतरवते. पेन्सिलीने, कारण खोडावं फार लागतं. कॉलेजात मी लिफ्टर होते, म्हणजे स्मॅशसाठी बॉल उचलून देणारी (तिकडे सेटर म्हणतात), त्यामुळे स्मॅश कुठे बसला यापेक्षा पहिला पास, म्हणजे सर्व्हिस घेऊन लिफ्टरकडे दिलेला बॉल, कुठे आला, इकडेच आधी डोळा जातो.

या महिन्यात तीन मॅचेस बघून झाल्या, तिन्ही राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेतल्या. पहिली २००९ची फायनल, टँपामधली. पेन स्टेट विद्यापीठाचा संघ सलग १०१ विजय खिशात घालून टेक्ससविरुद्ध उतरला आणि पहिले दोन सेट २२-२५, २०-२५ असे घालवून बसला. पुढचे तीन २५-२३, २५-२१, १५-१३ जिंकले. टेक्ससच्या डेस्टिनी हूकरने त्या दिवशी ३४ किल (थेट गुण देणारे स्मॅश) मारले, हरलेल्या संघात असूनही स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू तीच ठरली. ही बाई उंच उडीतलीही राष्ट्रीय कॉलेज विजेती. तिच्यासमोर ब्लॉक, म्हणजे नेटवर हातांची भिंत, वेळेवर उभा राहिला तरी त्याच्या वरून बॉल जाणार, यात ब्लॉकरचा आळस कुठे आला?

दुसरी २०२१ची फायनल, विस्कॉन्सिन आणि नेब्रास्का. विस्कॉन्सिनने पहिला सेट २२-२५ घालवला, दुसरा ३१-२९ असा ओढून काढला आणि शेवटी पाचवा १५-१२ घेतला. तिसरी २०२४ची सेमीफायनल: नेब्रास्का २५-२३, २५-१८ पुढे, चौथ्या सेटमध्ये २२-१६ पुढे, आणि तिथून पेन स्टेटने दोन मॅच पॉइंट वाचवून सेट २८-२६, मग पाचवा १५-१३ नेला. तीन दिवसांनी लुइव्हिलला हरवून विजेतेपदही घेतलं. त्यांच्या कोच केटी शूमाकर-कॉली कॅन्सरवर उपचार घेत घेत संघ सांभाळत होत्या. कॉलेज व्हॉलीबॉलच्या सर्वोच्च विभागात (डिव्हिजन वन) मुलींचं विजेतेपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला कोच.

आता चूक कुठे झाली ती सांगते. एक तर २०२१च्या दुसऱ्या सेटमध्ये पहिली सर्व्हिस कोणाची हे मी चुकीचं लिहिलं, त्यामुळे सगळं रोटेशन (खेळाडूंच्या जागा फिरण्याचा क्रम) एक घर पुढे सरकलं. पुढच्या रांगेतली मुलगी वहीत मागच्या रांगेतून ब्लॉक करत होती! दोन संध्याकाळी खोडण्यात गेल्या. पण खरी चूक याहून मोठी होती. या तिन्ही मॅचेस मी निवडल्याच मुळी पिछाडीवरून जिंकलेल्या म्हणून. अशा ढिगातून ‘मजबूत संघ पहिला सेट हरतात’ याशिवाय दुसरं निघणार तरी काय? २०२३ची फायनल टेक्ससने २५-२२, २५-१४, २५-११ अशी सरळ घेतली. ती कपाटातच राहिली, कारण तिच्यात ‘कथा’ नव्हती.

मग कॅल्क्युलेटर घेऊन बसले. समजा, एक संघ शंभरातल्या ५३ रॅली जिंकतो, म्हणजे समोरच्यापेक्षा चांगला आहे, पण आभाळाएवढा नाही. माझ्या हिशेबाने असा संघ २५ गुणांचा सेट सुमारे ६६ टक्के वेळा जिंकेल. म्हणजे तीनातला एक पहिला सेट तो कुणीही न पेंगता हरणार. आणि पहिला गेल्यावरही निम्म्याहून थोड्या अधिक वेळा मॅच त्याचीच. मला हे बघून हसूच आलं. ज्याला मी झुंज झुंज म्हणत होते, त्यात बराचसा वाटा साध्या गणिताचा. तिकडच्या कॉलेजात २००८च्या आधी काही वर्षं सेट ३० गुणांचा असायचा; २५चा झाल्यावर नशिबाला वाव थोडा वाढलाच.

तरी सगळं गणितावर सोडून मोकळी होत नाही. वही बघताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: सर्व्हिस.

पहिल्या सेटमध्ये कमी ताकदीच्या संघाला गमावण्यासारखं काही नसतं. मुली मोकळ्या हाताने फ्लोटर सोडतात, जोरात, लिबेरोच्या (फक्त मागे खेळणाऱ्या बचावपटूच्या) अंगापासून हातभर दूर. बॉल हवेत डगमगतो. पास नेटपाशी न येता तीन मीटरच्या रेषेमागे पडतो. इथून पुढचं माझ्यासारख्या लिफ्टरला पोटातून कळतं: मिडलची (नेटच्या मधून स्मॅश मारणारी) मुलगी उडी मारून हवेत तयार आहे, पण तिथून तिला बॉल देणं म्हणजे जुगार. मग उरतो एकच मार्ग, चार नंबरवर (नेटपाशी डावीकडे) उंच बॉल. तो उंच गेला की समोरच्या दोघी ब्लॉकर चालत जाऊनही वेळेवर पोचतील. बाहेरून वाटतं, स्टार स्मॅशर आज ढिली आहे. ढिली नसते हो, तिच्यासमोर चार हात असतात.

हे तीन तास टिकत नाही. अशा सर्व्हिसमध्ये चुका ठरलेल्याच, आणि स्कोअर जवळ आला की हात आपोआप जपून पडतो. जपून टाकलेली सर्व्हिस चांगला लिबेरो डोळे मिटून नेटपाशी आणतो. मिडल पुन्हा खेळात येते, समोरची मधली ब्लॉकर तिच्यासाठी थांबते, आणि चार नंबरवर आता एकटाच ब्लॉक उरतो. स्मॅशर तीच, उडी तीच, पास तेवढा दोन मीटर पुढे आला.

ब्लॉकचं मात्र उलट आहे, तो मॅचभर शिकत जातो. समोरची लिफ्टर दबावात कुणाकडे धावते, कोणत्या रोटेशनमध्ये मागे ढकलते, हे व्हिडिओवर पाठ केलं तरी तिच्या खांद्याची लय कोर्टवरच कळते. विस्कॉन्सिनने त्या फायनलमध्ये २४ ब्लॉक घेतले. शिवाय सेट बदलताना कोचला सुरुवातीचं रोटेशन फिरवता येतं: आपली उंच ब्लॉकर त्यांच्या मुख्य स्मॅशरसमोर जास्तीत जास्त वेळ राहील असं. पहिल्या सेटमध्ये हा अंदाज असतो, दुसऱ्यात माहिती.

२०२४ची मॅच मात्र या खणात नीट बसत नाही. तिथे दोन्ही संघ तोलामोलाचे होते, सर्व्हिसचा दबावही दोन्हीकडून. १६-२२ वरून सेट कसा फिरला याची रॅलीवार नोंद मी दोनदा केली आणि दोन्ही वेळा पासचे आकडे वेगळे आले. पासच्या दर्जाला मी गुण देते, त्यातलं तीन आणि दोन गुणांमधलं माझं मोजमापच ढिलं आहे. त्यामुळे आता नियम: लिफ्टरला तिन्ही पर्याय खुले असतील तरच तीन, एक पाऊल जरी मागे यावं लागलं तरी दोन.

पुढच्या महिन्यात कपाटातली २०२३ची फायनल काढते. शिवाय सहा मॅचेस चिठ्ठ्या टाकून निवडणार आहे, निकाल न बघता. चिठ्ठ्या लेकीकडून उचलून घेणार, माझ्या हाताचा आता भरवसा नाही. कुणी सोबत नोंदी करत असाल तर निदान पहिल्या सेटचे पास वेगळ्या रंगात लिहा. आणि पहिली सर्व्हिस कोणाची, ते दोनदा बघा.