खालच्या पट्टीतला आवाज

शिकागोतल्या एका रुग्णालयात, स्ट्रोकच्या वॉर्डात मी नर्स आहे. त्या दिवशी माझ्याकडे असलेल्या गृहस्थांची वाचा मेंदूच्या डाव्या बाजूला झटका येऊन गेली होती. समजायचं बरंचसं, पण नऊ दिवसांत तोंडून एक शब्द नाही. पाणी हवं असलं की नुसती बोटं हलवायचे.

संध्याकाळी मी औषधं घेऊन गेले, तेव्हा त्यांच्या पत्नी उशाशी बसून ‘इट इज वेल’ हे ख्रिस्ती भक्तिगीत गात होत्या. नगरला नर्सिंग शिकताना सकाळच्या प्रार्थनेत आम्हीही ते म्हणायचो. त्याच्या ध्रुवपदात बायका ‘इट इज वेल’ म्हणतात आणि पुरुष खालच्या पट्टीत तेच शब्द परत म्हणतात. बाई तिथे सवयीने थांबल्या. आणि पलंगावरून आवाज आला, घोगरा पण सुरात: ‘इट इज वेल.’

बाईंनी माझा हात घट्ट धरला. बोलणं गेलं तरी पाठ असलेलं गाणं टिकू शकतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. कानांनी ऐकलं ते तेव्हा पहिल्यांदा.

नंतर बाईंनी गीतकाराची हकीकत सांगितली. होरेशियो स्पॅफर्ड याच शहरातला वकील, पाद्री नव्हे. १८७१ मध्ये शहराला लागलेल्या मोठ्या आगीत त्याचं मोठं नुकसान झालं. २२ नोव्हेंबर १८७३ रोजी ‘व्हिल द्यु आव्र’ हे जहाज अटलांटिकमध्ये दुसऱ्या जहाजाशी टक्कर होऊन बारा मिनिटांत बुडालं. त्यावर असलेल्या त्याच्या चारही मुली गेल्या, धाकटी अवघी दोन वर्षांची. पत्नी ॲना वाचली. तिच्या तारेत होतं, ‘एकटीच वाचले.’ १८७६ मध्ये फिलिप ब्लिसच्या चालीसह गीत छापून आलं. त्या चालीचं नावही ‘व्हिल द्यु आव्र’च.

‘दुःखं समुद्राच्या लाटांसारखी उसळली तरी’ ही त्यातली ओळ नगरला मी उपमा समजून म्हणत होते. तो समुद्र खरा होता. हे कळल्यावर ‘इट इज वेल’, म्हणजे ‘माझ्या जिवाचं बरं आहे’, असं म्हणायला त्या बापाला किती बळ लागलं असेल, या विचाराने मला रात्री झोप आली नाही.

मी वाचा-उपचार करणाऱ्या सहकारी बाईंना सगळं सांगितलं. सकाळी त्यांनी ‘इट इज वेल’ ही ओळ गायली, नेमक्या जागी थांबल्या. उत्तर आलं. मग रोज त्याच सुरांवर एकेक छोटा शब्द बसवायचा प्रयत्न सुरू झाला.

आठवड्याने त्या गृहस्थांनी मला गाऊन पाणी मागितलं.