बाबांच्या स्टिरिओवर गिटार: सहाव्या आठवड्याची नोंद

इलेक्ट्रिक गिटार खास अॅम्पशिवाय, बाबांच्या घरच्या स्टिरिओवर वाजवायचा प्रयत्न चालू आहे. गिटारची केबल थेट स्टिरिओच्या ऑक्स इनपुटला (बाहेरचं यंत्र जोडायच्या जागी) लावली तेव्हा गोधडीखालून आल्यासारखा आवाज आला, हे पहिल्या नोंदीत लिहिलं होतं. त्याचं कारण आता नीट कळलंय आणि उपायही बऱ्यापैकी बसलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोष गिटारचा नाही, स्टिरिओचाही नाही. तारांचं कंपन पकडणारं पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती केसाएवढ्या तारेचे हजारो वेढे. माझ्या मागच्या हमबकरचं (दोन कॉइलच्या पिकअपचं) इंडक्टन्स, म्हणजे वेगाने बदलणाऱ्या सिग्नलला कॉइल करते तो विरोध, मित्राच्या एलसीआर मीटरवर मोजलं, ४.५ हेन्री भरलं. गिटार अॅम्पचं इनपुट १ मेगचं (१० लाख ओहम रोधाचं) असतं, तिथे एवढं इंडक्टन्स खपून जातं. आमच्या स्टिरिओचं ऑक्स ४७ केचं (४७ हजार ओहमचं) आहे. गणित मांडलं तर साधारण १,६५० हर्ट्झच्या पुढे आवाज उतरायला लागतो. तारेवर पिक लागताना होणारा ‘टक्’ बराचसा त्याच्या वरच असतो. म्हणजे गाणाऱ्याची व्यंजनं काढून घेतली आणि नुसते स्वर ठेवले, असं काहीसं होतं.

स्टिरिओच्या फोनो इनपुटला लावून बघायचा मोह होईल, कारण तिथे आवाज दणकून येतो. तो टाळा. ते इनपुट रेकॉर्ड प्लेअरच्या ४-५ मिलिव्होल्टसाठी आहे आणि गिटार सहज १०० मिलिव्होल्टच्या वर जाते. शिवाय फोनोमध्ये आरआयएए इक्वलायझेशन, म्हणजे रेकॉर्डसाठी ठरलेली खालच्या-वरच्या सुरांची दुरुस्ती, असतं: २० हर्ट्झला जवळपास २० डेसिबल उचल आणि २० किलोहर्ट्झला जवळपास तितकीच दाब. रेकॉर्डसाठी ते अचूक आहे, गिटारचा मात्र त्याने चिखल होतो.

मग पुण्याच्या तपकीर गल्लीतून टीएल०७२ (एका चिपमध्ये दोन छोटे अॅम्प) आणला आणि झीरो पीसीबीवर (भोकांच्या कोऱ्या बोर्डवर) बफर, म्हणजे गिटारवर भार न टाकता सिग्नल पुढे देणारं सर्किट, बांधला. इनपुटला १ मेग, ९ व्होल्टची बॅटरी, पहिल्या अर्ध्या भागात ११ पटीपर्यंत गेन (सिग्नलची वाढ). हमबकरला ३ पट पुरते. आउटपुटवरून दोन १ केचे रेझिस्टर काढून स्टिरिओच्या डाव्या आणि उजव्या आरसीए सॉकेटला दिले, त्यामुळे दोन्ही स्पीकर बोलतात. इनपुटला मोनोऐवजी स्टिरिओ जॅक लावा आणि बॅटरीचं निगेटिव्ह त्याच्या रिंगवर (मधल्या कड्यावर) द्या. केबल काढली की सर्किट आपोआप बंद होतं. चालू असताना माझ्या मीटरवर साडेतीन मिलिअॅम्पच्या आसपास दिसतात, म्हणजे बॅटरी बरीच टिकते.

क्लीन (डिस्टॉर्शन नसलेला) आवाज पहिल्याच स्वरात बदलला. कॉर्ड छेडली की सहाही तारा वेगवेगळ्या ऐकू आल्या. मी ज्या ज्या गिटार अॅम्पवर वाजवलंय, त्यांतल्या एकावरही क्लीन इतकं मोकळं ऐकलेलं नाही, हे मनापासून सांगतो.

डिस्टॉर्शनची (मुद्दाम फाटवलेल्या आवाजाची) गोष्ट वेगळी. तिसऱ्या आठवड्यात त्याचं पेडल लावलं तर पत्र्यावर वाळू ओतल्यासारखी चरचर. मी आवाज वाढवत गेलो आणि उजवं ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) गेलं. कॉइल जळली होती. बाबा त्याच स्पीकरवर नाट्यगीतं ऐकतात, त्यामुळे फार वाईट वाटलं. नवं ट्वीटर बसवलं आणि मगच पुढे हात लावला.

कारण असं. गिटारचा १२ इंची स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वर फारसं काही वाजवतच नाही. सेलेस्टियन कंपनीच्या ग्रीनबॅक स्पीकरच्या माहितीपत्रकात रेंज ७५ ते ५,००० हर्ट्झ एवढीच दिली आहे. डिस्टॉर्शनमधली वरची सगळी किरकिर तो कागदी कोन गिळून टाकतो. घरच्या स्टिरिओचं ट्वीटर ती इमानाने ऐकवतं आणि ती पेलण्याइतकी ताकद त्या छोट्या कॉइलमध्ये नसते.

म्हणून टीएल०७२च्या उरलेल्या अर्ध्या भागात सॅलन-की पद्धतीचा लो-पास (वरचे सूर कापणारा) फिल्टर बांधला. दोन १० केचे रेझिस्टर, फीडबॅकमध्ये ४.७ नॅनोफॅरड, ग्राउंडला २.२ नॅनोफॅरड. कटऑफ (जिथून कापणं सुरू होतं ती जागा) ४,९५० हर्ट्झच्या आसपास येतो आणि त्यावर दर सप्तकाला १२ डेसिबल उतार. चरचर गेली! एक टॉगल स्विच टाकलाय, क्लीनला फिल्टर बाजूला ठेवता येतो. हा विचार जुनाच आहे. ‘बोस्टन’ बँडचे गिटारवादक टॉम शोल्झ यांचा १९८२चा रॉकमन हा छोटा अॅम्प हेडफोनसाठी स्पीकरचा हाच गुण सर्किटमध्ये आणत होता, आणि १९८९च्या सॅन्सअॅम्प पेडलनेही तेच केलं.

गुणगुण दोन ठिकाणांहून येत होती. बॅकिंग ट्रॅकसाठी लॅपटॉप त्याच स्टिरिओला जोडला होता, त्याचा चार्जर काढला की ती थांबते. दुसरी पंख्याच्या जुन्या गोल रेग्युलेटरची. त्यात ट्रायॅक (वीज भराभर चालू-बंद करणारा भाग) असतो आणि मधल्या स्पीडवर तो सिंगल कॉइल पिकअपमध्ये भुणभुणतो. पंखा फुल ठेवला किंवा मागचं हमबकर घेतलं की जवळपास शांत.

स्टिरिओचा व्हॉल्यूम शून्यावर आणल्याशिवाय केबल लावायची-काढायची नाही, हा नियम आता कडक पाळतो. तो ‘धाड्’ आवाजही स्पीकरला तितकाच वाईट.

अजून समाधान झालेलं नाही ते मधल्या पट्ट्याबद्दल. खऱ्या गिटार स्पीकरला २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये एक उंचवटा असतो, सोलो त्यानेच पुढे येतो. माझा फिल्टर तिथे सपाट आहे. आधी फिल्टरचा क्यू (कटऑफजवळचा उठाव ठरवणारा आकडा) थोडा वाढवून बघणार आहे: ४.७च्या जागी १० नॅनो आणि २.२च्या जागी १.५. कटऑफ ४,१०० हर्ट्झच्या जवळ येईल आणि त्याच्या थोडं खाली छोटा उठाव मिळेल. शिवाय डावं ट्वीटर जुनं आहे आणि उजवं नवं. बॅलन्स एकेका बाजूला फिरवून दोघांतला फरक ऐकायचा राहिलाय, ते या रविवारी.