दोंडाईच्याची न झालेली निवडणूक आणि सारंगखेड्याचे घोडे

२ डिसेंबर २०२५ ला महाराष्ट्रात नगरपालिकांचं मतदान झालं. ते आम्ही टीव्हीवर पाहिलं. धुळे जिल्ह्यातल्या आमच्या दोंडाईच्यात त्या दिवशी कोणाच्याच बोटाला शाई लागली नाही. २६ च्या २६ नगरसेवक बिनविरोध, वर नगराध्यक्षाही बिनविरोध, आणि त्या म्हणजे मंत्री जयकुमार रावल यांच्या मातोश्री. तिकडे जामनेरलाही नगराध्यक्षपद असंच बिनविरोध गेलं, तिथे मंत्री गिरीश महाजन यांच्या सौभाग्यवती. खान्देशात बायका राजकारणात एवढ्या सहजासहजी पुढे जाताहेत, याचा एक बाई म्हणून मी आनंद मानावा की काय, ते अजून ठरलेलं नाही.

माझं कोणाशी वैर नाही. गावात रस्ते झालेत, ते मी रोज वापरते. पण माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे आणि निवडणूक म्हणजे आमचा सीझन. उमेदवारी अर्ज, शपथपत्र, थकबाकी नसल्याचा दाखला, जातीचा दाखला, वर घरात शौचालय असल्याचं कागदोपत्री सिद्ध करा, हे सगळं तीन-तीन प्रतींत. तोवर दुकान जोरात होतं. रात्री शटर अर्धं खाली ओढून मशीन चालू. त्यानंतर खरी कमाई असते ती वॉर्डाच्या मतदार यादीची. प्रत्येक उमेदवाराला यादी पाहिजे, त्याच्या प्रत्येक कार्यकर्त्याला यादी पाहिजे, मग त्यावर लाल-निळ्या पेनने खुणा, मग खुणा केलेल्या यादीच्या पुन्हा झेरॉक्स. अर्ज माघारीची मुदत संपली आणि सगळं ठप्प. आणलेल्या कागदाच्या रिमा अजून मागच्या खोलीत आहेत. दहावी-बारावीच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलांना लागतील म्हणा.

एकच उमेदवार उरला की मतदानच होत नाही, त्यामुळे ‘नोटा’चं बटणही मिळत नाही. सुप्रीम कोर्टाने २०१३ साली सांगितलं की ‘यापैकी कोणीही नको’ असं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. पण ते म्हणायला आधी मशीन समोर यावं लागतं ना.

सगळ्यात जास्त हिरमोड झाला आमच्या सुरतवाल्यांचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, निम्मा खान्देश सुरतला राहतो. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत फिरा, भाजीवालीसुद्धा अहिराणी बोलते. आमच्याकडचा माणूस तिथे लूमवर कामाला लागतो आणि नशीब काढलं तर थेट खासदार होतो. नवसारीचे सी. आर. पाटील मूळचे जळगाव जिल्ह्यातले, गुजरात भाजपचे प्रदेशाध्यक्ष राहिले, आज केंद्रात जलशक्ती मंत्री. ही मंडळी घरी येतात दिवाळीला, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लग्नसराईत आणि मतदानाला. मतदानाच्या गाडीभाड्याची सोय कोण करतं ते विचारायचं नसतं. या वेळी माझ्या नणंदेचा मुलगा फोनवर म्हणाला, “मामी, बिनविरोध झालं म्हणजे आम्ही यायचं नाही का?” मी म्हटलं, बाबा, तू स्वतःच्या तिकिटाने ये, सारंगखेड्याला जाऊ. ४ तारखेला दत्तजयंती आहे. तो आला.

यात्रेचं पुढे सांगते. त्याआधी माझ्या काउंटरवरून जी देशाची खबर जाते ती थोडी सांगू द्या, कारण मी पेपर वाचत नाही, मला पेपर लोक सांगतात.

तेव्हा सगळ्यात मोठी रांग लाडक्या बहिणींची होती. योजनेची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, करायची होती. सप्टेंबरात सुरू झाली, मुदत होती १८ नोव्हेंबर, ती वाढवून ३१ डिसेंबर केली. बाईचा आधार नंबर टाका, ओटीपी टाका, मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार टाका आणि त्यांच्या मोबाईलवर आलेला ओटीपी टाका. आता नवरा ऊसतोडीला गेलाय, मोबाईल त्याच्या खिशात आणि तो खिसा कोल्हापूरकडच्या कोणत्या तरी फडात. बाई दुकानात उभी राहून फोन लावते, “अहो, नंबर सांगा,” आणि तिकडून तो म्हणतो, “कसला नंबर, कोणालाच नंबर सांगायचा नाही, फ्रॉड असतो.” बरोबरच आहे त्याचं, आपणच त्याला तसं शिकवलंय. ज्यांचे नवरा आणि वडील दोन्ही गेलेत त्या बायांची तर सुरुवातीला काहीच सोय नव्हती. नंतर ठरलं की मृत्यूच्या दाखल्याची प्रत अंगणवाडी सेविकेकडे द्यायची. एक बाई, म्हातारी नसेल, पन्नाशीचीच असेल, नवऱ्याच्या दाखल्याची झेरॉक्स काढताना मला म्हणाली, “ताई, नीट काढा, जिवंत होता तेव्हा कधी कामी आला नाही.” महिन्याला दीड हजार रुपये म्हणजे काय, हे मुंबईच्या स्टुडिओत बसून चर्चा करणाऱ्यांना समजत नाही. फुकट वाटप म्हणणाऱ्यांनी एक दिवस माझ्या रांगेत उभं राहावं. आणि मत विकत घेतलं असं म्हणणाऱ्यांचंही मी पूर्ण खोडत नाही. दोन्ही खरं असू शकतं.

दुसरी रांग कापसाची. २०२५ च्या हंगामात सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, कापूस घालायचा तर ‘कपास किसान’ नावाच्या ॲपवर नोंदणी पाहिजे. सातबारा, आधार, ई-पीक पाहणी झालेली असावी, मग स्लॉट. लांब धाग्याचा हमीभाव त्या हंगामात ८,११० रुपये क्विंटल होता. ऐकायला छान वाटतं. पण तो ८ टक्के ओलाव्याला होता, १२ च्या वर ओलावा गेला की गाडी परत. त्या वर्षी पाऊस थांबायलाच तयार नव्हता, कापूस झाडावरच भिजला. त्यामुळे ज्याला पैशाची घाई आहे तो खेडा खरेदीवाल्याला घालतो, अंगणातच काटा लावतात, हमीभावापेक्षा खूप खाली, पण हातात रोख. आणि वर काय, तर केंद्राने ऑगस्टमध्ये बाहेरच्या कापसावरची ११ टक्के आयात ड्युटी काढून टाकली. आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हणाले, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे नेमका आमचा कापूस घरात येतो तेव्हाच दार उघडं. कापड गिरण्यांना स्वस्त सूत पाहिजे, अमेरिकेच्या टॅरिफने त्यांचंही कंबरडं तेव्हा मोडलं होतं, हे मला कळतं. पण हिशोबात प्रत्येक वेळी आमचाच आकडा का खोडतात, ते कोणी सांगत नाही.

याउलट सोनं! जळगावची सुवर्णनगरी म्हटलं की वाहिन्यांचे कॅमेरे धावत येतात. एप्रिल २०२५ मध्ये तोळ्याने जीएसटीसकट लाखाचा आकडा गाठला तेव्हा दिवसभर तेच, डिसेंबरात सव्वा लाखाच्याही पुढे गेलं होतं, तरी रोज सकाळी तेच. टीव्हीला खान्देश आठवतो तो ठरलेल्या कारणांनी: मे महिन्यात भुसावळचा उन्हाळा, डिसेंबरात धुळ्याचा पारा, बारा महिने जळगावचं सोनं आणि आमच्या नेत्यांची भांडणं. मुक्ताईनगर-जामनेरचा, म्हणजे एकनाथ खडसे आणि गिरीश महाजन यांचा, वाद तर आता घरातल्या मालिकेसारखा झालाय, मधले दोन महिने चुकले तरी कथा समजते.

वाहिन्यांचं सांगायचं तर धर्मेंद्रचं प्रकरण मला अजून खटकतं. ११ नोव्हेंबरला सकाळी सगळ्यांनी त्याला मारून टाकलं, फुलं वाहिली, गाणी लावली. मोठमोठ्यांनी श्रद्धांजल्या दिल्या. मग मुलीला सांगावं लागलं की अहो, बाबा आहेत. पुढे २४ तारखेला तो खरोखर गेला, नव्वदी गाठायला दोन आठवडे राहिले होते. त्या दिवशी दुकानात बातमी लागली तर आमचे एक आप्पा म्हणाले, “तो ते मांगला हप्तामाच मरना व्हता ना? आते परत कसा मरना?” सगळे हसले, मीही हसले, पण मला वाईट वाटलं. आमच्या पिढीच्या बायकांचा तो पहिला हिरो. अमिताभ आमच्या नवऱ्यांना आवडायचा.

तर सारंगखेडा. दोंडाईच्याहून निघायचं, टाकरखेड्याजवळ तापीचा पूल ओलांडायचा की आलंच. पलीकडे नंदुरबार जिल्हा लागतो. याच पुलाचा भराव २०२३ च्या पुरात वाहून गेला होता, तेव्हा दोन्ही काठांची लोकं एकमेकांकडे बघत बसली होती. तिथलं दत्ताचं देऊळ एकमुखी दत्ताचं. बहुतेक ठिकाणी तीन तोंडांचा दत्त, इथे एकच. दर्शनाची रांग लांब होती, पण पोरांचं लक्ष रांगेत नव्हतंच. घोडे दिसत होते.

घोडेबाजार ज्याने पाहिला नाही त्याला सांगून कळत नाही. राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेश, गुजरात, कुठून कुठून माल येतो. मारवाडी, काठियावाडी, पांढराशुभ्र नुकरा. एखाद्या घोड्याच्या किमतीचा आकडा कोटीच्या घरात सांगतात आणि मग तो घोडा त्या वर्षीचा सेलिब्रिटी. त्याला वेगळा तंबू, पंखा, दोन नोकर, समोर सेल्फीवाल्यांची गर्दी. मालक “विकायचा नाही” म्हणतो. विकायचा नाही तर आणला कशाला, असं विचारायचं नसतं. सिनेमातली माणसंही अशीच यात्रांना आणतात, फीत कापायला.

पण मला मजा वाटते ती कडेच्या रांगांची, जिथे खरी खरेदी चालते. माझे दीर, नाना, त्यांना घोड्यांचं वेड. घेणं होत नाही, पण पाहणं सोडत नाहीत. त्यांनी पोरांना शिकवायला घेतलं. आधी तोंड उघडायचं, दात पाहायचे: अदंत आहे की दोन दाती की चार दाती, त्यावरून वय. विकणारा काहीही सांगो, दात खोटं बोलत नाहीत. मग पाय. चारही पाय आणि कपाळ पांढरं असेल तर पंचकल्याण, त्याला भाव जास्त. मग अंगावरचे भोवरे. गळ्यावर देवमण असला तर शुभ, नको तिथे भोवरा असला तर चांगला देखणा घोडाही दिवसभर उभा राहतो, कोणी हात लावत नाही. (याच्यावर माझा विश्वास नाही. पण लग्नात मुलीच्या पायाची बोटं पाहणारे लोक आम्हीच, तेव्हा घोड्याने काय पाप केलंय.) मग खूर उचलून पाहायचा, मग चालवून पाहायचा, मग पळवून, मग बसून. रेवाल चालीचा असेल तर स्वाराच्या हातातला चहा सांडत नाही म्हणतात. एवढं सगळं झाल्यावर दोघं रुमालाखाली हात घालतात आणि बोटांनी भाव करतात. तोंडाने हवापाण्याच्या गप्पा.

आमच्यासमोर एक गृहस्थ एका लहानशा तट्टूसाठी अर्धा तास हे सगळं करत होते. पोराला लग्नाच्या वरातींचा धंदा काढून द्यायचा असावा. तट्टू कंटाळून गेला बिचारा. नाना माझ्याकडे बघून म्हणाले, “वहिनी, तट्टू घ्यायचा तर माणूस चारदा दात पाहतो. आपल्या वॉर्डाचा माणूस मी अजून पाह्यला बी नाही.”

सुरतचा भाचा म्हणाला, “मामा, फोटो आहे ना बॅनरवर.”

“तो दहा वर्षांपूर्वीचा,” नाना म्हणाले.

मला वाटतं एवढंच माझं म्हणणं आहे बिनविरोधाबद्दल. निवडून आलेले वाईट आहेत असं मी म्हणत नाही, कदाचित चांगलेच असतील. पण निवडणूक असती तर दारात आले असते. मी पाण्याच्या वेळेबद्दल विचारलं असतं, गटारीबद्दल विचारलं असतं, समोरच्या शेजारणीने विचारलं असतं की मागच्या वेळी कुठे होता. उत्तर खोटं का असेना, तोंड तर उघडावं लागलं असतं. ‘गावात एकोपा आहे म्हणून बिनविरोध’ असं जे सांगतात त्यांना माझा साधा प्रश्न आहे: आमच्या गावात दोन भावांचं बांधावरून एकमत होत नाही, अन् सव्वीस वॉर्डजागांवर कसं झालं?

बरं, जिथे मतदान झालं तिथे तरी काय चाललं होतं. निकाल ३ तारखेला लागणार होता, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने तो २१ वर नेला, कारण काही ठिकाणचं मतदान २० ला होतं. शहाद्याहून आलेला माझा मावसभाऊ यात्रेत भेटला. तो म्हणे उमेदवारांची झोप गेली आहे, कार्यकर्ते रात्री मशीन ठेवलेल्या गोदामाबाहेर शेकोटी पेटवून बसतात. धुळे-नंदुरबारची डिसेंबरातली थंडी, त्यात तीन आठवडे राखण. चहा-भजी उमेदवाराच्या खात्यावर. हरला तर तो खर्च कोणाच्या नावावर मांडायचा, यावर त्यांची पैज लागली होती.

आम्ही यात्रेत गोडशेव घेतली, भेळभत्ता खाल्ला, पोरं पाळण्यात बसली. सासूबाईंना तमाशाचा तंबू बाहेरूनच पाहायचा होता, तो तीन बाजूंनी पाहिला. घोडा घेतला नाही. नानांनी एक चाबूक घेतला, घोडा नसताना. मी विचारलं कशाला, तर म्हणाले, “सुरुवात कुठून तरी करावी लागते.”

भाचा परत सुरतला गेला. मी दुकान उघडलं. ज्या बायांची केवायसी राहिली होती त्यांना मी सांगत होते, ३१ डिसेंबरची वाट पाहू नका, शेवटच्या दोन दिवसांत गर्दी होणार. येताना नवऱ्याचं आधार कार्ड आणि त्याचा मोबाईल, चार्ज केलेला, दोन्ही आणा. नवरा नाही आणला तरी चालेल.