'स्पीक अप'ला जर्मनमध्ये काय म्हणायचं?

इथल्या शाळांमध्ये पालकभेटी झाल्या की मराठी आईबाबांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते: 'लेखी पेपर उत्तम गेले, मग गुण का कमी?' जर्मनीत वर्गातल्या तोंडी सहभागालाही गुण असतात, आणि गिम्नासियममध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या वाटेवर नेणाऱ्या माध्यमिक शाळेत, ते चांगलेच जड असतात. शिक्षक सांगतात, मुलानं जास्त 'झिश मेल्डन' करायला हवं. पालक त्याचं मनात इंग्रजी करतात, स्पीक अप, आणि घरी येऊन मुलाला बजावतात, 'जरा मोठ्यानं बोलत जा!' शिक्षकांना हवं असतं ते वर गेलेलं बोट. (इथली मुलं पंजा नाही, तर्जनी वर करतात.) शांत बसणारं मूल आपल्याकडे शहाणं ठरतं, इथे त्याला काही येत नाही असा समज होऊ शकतो. म्हणून हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

इंग्रजीचं एकच क्रियापद जर्मनमध्ये प्रसंगागणिक बदलतं. फोनवर आवाज येत नसेल तर साधं 'लाउटर', म्हणजे आणखी मोठ्यानं. ऑफिसात खटकलेली गोष्ट मांडायची तर 'आनश्प्रेशन'. हा शब्द सौम्य आहे, साहेबांसमोरही चालतो. अन्यायाविरुद्ध बोलायचं तर 'डेन मुंड आउफमाखन', शब्दशः तोंड उघडणं. आज्ञार्थात याचे दोन तुकडे होतात आणि 'आउफ' शेवटी जातो: 'माख डेन मुंड आउफ!' आपल्या 'तोंड उघड!'इतकंच हे खडबडीत आहे, तेव्हा जपून.

पण याच शब्दांना मोठी परंपराही आहे. मार्टिन लूथरचं संपूर्ण जर्मन बायबल 1534 साली आलं. त्यातल्या नीतिसूत्रांच्या 31व्या अध्यायात, आठव्या ओवीत, मुक्यांसाठी तोंड उघडायला सांगितलं आहे. आजच्या एका प्रचलित इंग्रजी अनुवादात तिथे नेमकं 'स्पीक अप' आहे. दुसऱ्यासाठी बोलणं हा अर्थ मला या क्रियापदाचा सगळ्यात सुंदर अर्थ वाटतो.

नोकरीसाठी नव्यानं येणाऱ्यांना एक आवर्जून सांगते. आपल्यावर अन्याय होतोय असं वाटलं तर कर्मचाऱ्याला तक्रार करण्याचा हक्क 1972च्या बेट्रीब्सफरफासुंग्सगेझेट्स या कायद्याच्या कलम 84नं दिला आहे. त्या तक्रारीपायी त्याचं नुकसान करता येत नाही. आणि बोलताना भाषा अडेल अशी भीती असेल, तर बेट्रीब्सराटमधला, म्हणजे कामगारांनी निवडलेल्या प्रतिनिधी मंडळातला, एक सदस्य मदतीला सोबत नेता येतो.