तुम्ही विचारलंत म्हणून: युरोपात जाऊन लिस्बनच का?

भिशीत, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर, गेल्या नोव्हेंबरपासून सगळीकडे एकच प्रश्न येतो. "आयुष्यात एकदा युरोपला गेलात, दोघंच गेलात, आणि पॅरिस नाही, रोम नाही, लिस्बन? तिथं काय आहे?" विचारणारा घाईत असतो, मीही घाईत असते, म्हणून "छान शहर आहे" एवढंच सांगून पुढं जाते. पण ते उत्तर खरं नाही. आज नीट सांगते.

आम्ही लिस्बनला गेलो ते मोहन रानड्यांसाठी.

आम्ही सांगलीचे. रानडेही सांगलीचे, मूळचे मनोहर आपटे. गोव्यात पोर्तुगीज अंमल असताना ते नाव बदलून तिथं गेले. दिवसा मराठी शिकवायचे आणि गोवामुक्तीसाठी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलाचं काम करायचे. १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावर हल्ला केला, तेव्हा गोळी लागून जखमी झाले आणि पकडले गेले. शिक्षा झाली २६ वर्षांची. पुढे त्यांना पोर्तुगालला नेलं आणि लिस्बनजवळच्या काशियासच्या किल्ल्यात कोंडलं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. रानडे सुटले जानेवारी १९६९ मध्ये.

माझे वडील शाळामास्तर. रानडे सुटल्याची बातमी आली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. वडिलांनी मला पाटी आणायला सांगितली, वर १९६९ ची तारीख लिहायला लावली, खाली १९६१ ची, आणि म्हणाले, "कर वजाबाकी. गोवा सुटल्यावर आपला माणूस किती दिवस आत होता?" सात वर्षं आणि वर एक महिना. मी उत्तर लिहून पाटी दाखवली, तर त्यांचे डोळे भरून आलेले. वडिलांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा.

गोवा सुटल्यावरही रानडे इतकी वर्षं आत का राहिले, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. गोव्यात शरण आलेले तीन हजारांहून जास्त पोर्तुगीज सैनिक भारताने १९६२ मध्ये घरी पाठवून दिले. पोर्तुगालने मात्र गोवा गेला हेच मानायला नकार दिला. त्यांच्या लेखी रानडे हे पोर्तुगीज कोर्टाने शिक्षा दिलेले कैदी, त्यांना सोडायचा प्रश्नच नव्हता. सुधीर फडक्यांनी त्यांच्या सुटकेसाठी जिवाचं रान केलं. ज्यांच्या आवाजावर आपण एवढं प्रेम केलं, त्या बाबूजींचं हे काम आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे?

तेव्हा लेकीने "आई-बाबा, युरोपातलं एक शहर निवडा, तिकिटं माझ्याकडून" म्हटल्यावर मी विचार करायला वेळ घेतला नाही. ह्यांनाही ते पटलं. ह्यांनी फक्त एवढंच विचारलं, "तिथं जुन्या ट्राम आहेत ना गं?"

ह्यांची सगळी नोकरी एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये गेली. त्यामुळे पहिले दोन दिवस मी किल्ल्याचं नाव काढलं नाही. आम्ही २८ नंबरच्या ट्रामने फिरलो. पिवळा डबा, आतून लाकडी, बांधणी १९३० च्या दशकातली. रुळांमधलं अंतर ९० सेंटीमीटर, म्हणून ती अल्फामा या जुन्या वस्तीच्या बोळांतून अशी वळते की खिडकीतून हात काढला तर भिंतीला लागेल. हे चालकाच्या मागे उभे राहून ब्रेक कसा लावतो ते बघत होते, आणि चढावर गाडी थांबून पुन्हा उचलली की माझ्याकडे वळून मान हलवत होते. पंचवीस वर्षांपूर्वी डेपोतून घरी आल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे असायचं, ते मला परत दिसलं.

खोली अल्फामातच होती, चौऱ्याऐंशी पायऱ्या चढून. मालकीणबाईंनी हातात किल्ली ठेवली आणि म्हणाल्या, "शाव्." मी म्हटलं, "चावी!" त्या हसल्या, त्यांना वाटलं मला पोर्तुगीज येतं. मग सगळीकडे आपलेच शब्द भेटू लागले. पाव आणि बटाटा तर होतेच. पण बादलीला आपण बालदी म्हणतो ती, बांधकामावरचं घमेलं, काजू, अननस, वस्तू बोली लावून विकतो तो लिलाव, हे सगळे तिकडून आलेले. दुकानातल्या काउंटरवर 'पगार' हा शब्द लिहिलेला दिसला तेव्हा हे थबकलेच. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ पैसे देणं. "छत्तीस वर्षं एक तारखेला ज्याची वाट बघितली," हे म्हणाले, "तो शब्द इथला." पुढे बराच वेळ बोलले नाहीत.

मला हे सांगायला पाहिजे, कारण राग घेऊन गेलेल्या माणसाला हे शब्द नीट रागावू देत नाहीत. ज्यांनी रानड्यांना कोंडलं, त्यांचे शब्द माझ्या आईच्या तोंडात होते. तिने मला भरवलेला पहिला घास बटाट्याचा असेल.

लिस्बनच्या बेलें भागात मात्र मला राग आला. तिथला जेरोनिमुशचा मठ इतका सुंदर आहे की दारातच पाय थांबतात. दगडात कोरलेले जहाजाचे दोर, गाठी, वेली, आणि झाडांसारखे वर जाऊन पसरणारे खांब. १५०१ मध्ये तो बांधायला घेतला आणि त्याच्या खर्चासाठी आफ्रिका व पूर्वेकडच्या व्यापारावर ५ टक्के कर लावला. म्हणजे आपल्या किनाऱ्यावरच्या मिऱ्यांनी ते खांब उभे केले. आत शिरताच वास्को द गामाची कबर आहे. तो वारला कोचीत, १५२४ मध्ये. अस्थी नंतर पोर्तुगालला आणल्या, आणि या मठात त्या आल्या १८८० मध्ये. मी तिथं उभी राहणार नव्हते. ह्यांनी कानटोपी काढली आणि म्हणाले, "हात जोडत नाही. पण मेलेल्या माणसापुढं टोपी घालून उभं राहायचं नसतं." मग मीही पदर सारखा केला आणि क्षणभर थांबले.

बाहेर नदीकाठच्या बेलें बुरुजावर, एका टेहळणीच्या घुमटीखाली, दगडात गेंड्याचं डोकं कोरलंय. पाचशे वर्षांच्या वाऱ्यापावसाने ते झिजून गेलंय, दाखवल्याशिवाय ओळखू येत नाही. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांना भेट दिलेला गेंडा मे १५१५ मध्ये जहाजाने लिस्बनला उतरला. तिथल्या लोकांनी असं जनावर कधी पाहिलं नव्हतं. ते त्याला 'गांडा' म्हणत, म्हणजे आपला गेंडाच. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली, तर हत्ती पळून गेला. पुढे तो पोपला नजराणा म्हणून पाठवला आणि वाटेत जहाज बुडून मेला. पोहता येणारं जनावर, पण पायात साखळ्या होत्या. गामाच्या कबरीपेक्षा या झिजलेल्या डोक्यापाशी आम्ही जास्त वेळ होतो.

चौथ्या दिवशी काशियासला गेलो. काइश दु सुद्रे स्टेशनवरून लोकल निघते, नदीच्या कडेकडेने जाते. अर्धा तासही लागत नाही. उतरल्यावर समुद्राच्या बाजूला एक छोटा, देखणा किल्ला दिसला आणि मला वाटलं हाच. छातीत धडधडायला लागलं. कुत्र्याला फिरवायला आलेल्या एका वयस्कर बाईंना विचारलं, तर त्या इंग्रजीत म्हणाल्या, "हा साऊँ ब्रूनु. तुरुंगाचा किल्ला तिकडे वर. पण तिथं बघण्यासारखं काही नाही, अजूनही तुरुंगच आहे." आम्ही भारतातून आलोय, आमच्या गावचा माणूस तिथं होता, असं सांगितलं. कोणती वर्षं, असं त्यांनी विचारलं. मी वर्षं सांगितली. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "व्हिंत इ सिंकु द अब्रिल." पंचवीस एप्रिल. १९७४ मध्ये क्रांती झाली तेव्हा इथले राजकीय कैदी सोडले, बाहेर रात्रभर माणसं उभी होती, असं त्यांनी सांगितलं. मी मनात म्हटलं, आमचा माणूस तोवर घरी पोचला होता. पण त्यांचे किती जण आतच होते, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

वर गेलो. भिंत, कुंपण, फाटक, पहारा. ह्यांनी मोबाइल काढला आणि परत खिशात ठेवला. कुणाचे तरी आई-वडील आजही तिथं भेटीला येत असतील, तिथं फोटो काय काढायचा. खाली येऊन आम्ही पाण्याच्या कडेला कठड्यावर बसलो. इथं नदी समुद्राला मिळते. गोव्याला जाणारी सगळी गलबतं इथूनच बाहेर पडली. मी पर्समधल्या बिलाच्या मागे पेनाने पुन्हा ती वजाबाकी मांडली. उत्तर तेच आलं. ह्यांनी कागद हातात घेतला, वाचला, घडी करून स्वतःच्या पाकिटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी अल्जूबला गेलो, कॅथेड्रलच्या अगदी शेजारी. १९६५ पर्यंत हाही राजकीय कैद्यांचा तुरुंग होता, २०१५ पासून संग्रहालय आहे. तिथल्या एकांतकोठड्या बघा. माणूस आडवा होईल एवढीच जागा. कैदी त्यांना गुरांचे कोंडवाडे म्हणत. हुकूमशहा सालाझारने स्वतःच्याच लोकांचं काय केलं ते त्या देशाने भिंतीवर लिहून ठेवलंय, आणि वसाहतींतल्या लढ्यांनाही जागा दिलीय. लपवलं नाही, याचा मला मनापासून आदर वाटला. सालाझार सप्टेंबर १९६८ मध्ये आजारी पडून सत्तेवरून गेला. रानडे चार महिन्यांनी सुटले.

तिथून कार्मूच्या चौकात. एका बाजूला १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात छप्पर कोसळलेलं चर्च, जे मुद्दाम तसंच उघडं ठेवलंय. सणाचा दिवस, सकाळची वेळ, चर्चं भरलेली. आधी भूकंप, मग समुद्राची लाट, मग आग. त्याच चौकात शेजारच्या इमारतीत २५ एप्रिल १९७४ ला हुकूमशाहीचा शेवटचा पंतप्रधान लपून बसला होता, आणि बाहेर सैनिक व माणसं वाट बघत उभी होती. सैनिकांच्या बंदुकीत लोकांनी कार्नेशनची फुलं खोचली. संध्याकाळी तो शरण आला. त्या क्रांतीनंतरच पोर्तुगालने गोवा भारताचा आहे हे मान्य केलं. ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत करार झाला. तेव्हा आपले परराष्ट्रमंत्री होते यशवंतराव चव्हाण, आमच्या जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याचे. चौकातल्या बाकावर बसून मी हे ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "मास्तरांना सांगायला हवं होतं." माझे वडील जाऊन एकोणीस वर्षं झाली.

आता जाणार असाल त्यांच्यासाठी. फरसबंदी पांढऱ्या-काळ्या दगडांची आहे, पाऊस पडला की तेलावर चालल्यासारखी होते. चांगल्या तळव्याचे बूट घ्या. चढ फार आहेत, गुडघे सांभाळा. कोबीचं सूप मागताना सॉसेज नको म्हणून आधी सांगा. अंडं चालत असेल तर बेलेंचं पास्तेल, म्हणजे अंड्याच्या मलईचा छोटा गोड पदार्थ, गरम खा, वर दालचिनी भुरभुरून. ट्राममध्ये सकाळी लवकर बसा आणि पाकीट सांभाळा. आणि काशियासला जाणार असाल तर जाताना डावीकडची खिडकी पकडा. नदी तिकडे आहे.